आवाजाची जवारी

संक्रांतीचे तीन दिवस येवल्यात घरात कुणी सापडत नाही. भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस सगळं गाव गच्चीवर. हातात आसारी, आभाळात पतंग आणि गच्चीगच्चीवर स्पीकर. मागे एका संक्रांतीला शेजारचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, तुमच्या खोलीत ती जुनी मशिनं आहेत ना, त्यातलं एक द्या की. आमचं बंद पडलंय." मी एक मशीन स्वतः उचलून त्याच्या गच्चीवर नेलं, पेटी जोडली, बटण दाबलं. पोरं वाट पाहत उभी. आवाज येईना, कारण ते तापायला अर्धा-पाऊण मिनिट लागतो. मग गाणं सुरू झालं. पोरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आपलं इथं काही चालायचं नाही. "आवाज कमी आहे, चाचा," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण वेगळाच आहे."

त्या 'वेगळाच'मध्ये काय आहे, ते आज सांगायचं आहे.

माझ्याकडे अशी सात मशिनं आहेत. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्यांच्या धंद्यात त्याला मशीनच म्हणतात. सातही व्हॉल्व्हची. दोन मंडपवाल्यांकडून मिळाली, एक फिरत्या तंबू टॉकीजमधलं, एक रेडिओग्रामच्या पोटातून काढलेलं. एक गिटारचं आणि एक बास गिटारचं. सातवं आमच्या अब्बांचं.

अब्बांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. तीस वॅटचं एक मशीन, दोन कर्णे, एक माईक आणि एक सायकल, एवढं भांडवल. त्या एका मशीनवरून उरुसाची कव्वाली झाली, गणपतीची आरती झाली, हरिनाम सप्ताहाचं कीर्तन झालं आणि निवडणुकीत एकाच चौकात एकामागून एक दोन्ही बाजूंच्या सभाही झाल्या. पुढे ट्रान्झिस्टरची हलकी मशिनं आली आणि हे माळ्यावर गेलं.

मला त्याचं वेड लागलं ते मामूंमुळे. मामू एका कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. मुंबईच्या गणपती मिरवणुकीत आणि कोकणात ज्याच्या नावाने 'बेंजो पार्ट्या' ओळखल्या जातात, ते वाद्य. मूळचं ते जपानी. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता या वादकाने टाइपरायटरसारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' नावाचं तंतुवाद्य तयार केलं. ते भारतात येऊन आपलं झालं. त्याचा मूळ आवाज इतका नाजूक की ढोलक सुरू झाली की तो बुडालाच. म्हणून मामूंनी तारांखाली पिकअप बसवून घेतला होता. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. इलेक्ट्रिक गिटारचंही तत्त्व नेमकं हेच.

मामूंनी ती वायर अब्बांच्या माईकच्या मशीनला जोडली. माईकपेक्षा पिकअपचा जोर जास्त, त्यामुळे मशीन गुरगुरायला लागलं. अब्बा म्हणाले, "फाटतोय आवाज, कमी करा." मामू म्हणाले, "राहू द्या, दूल्हेभाई. आता ते गातंय."

पुढे कॉलेजात असताना मी इंग्रजी बँडच्या कॅसेट ऐकल्या, तेव्हा दचकलो. हा तर मामूंचा आवाज!

हे गुरगुरणं काय असतं ते समजायला आधी व्हॉल्व्ह समजला पाहिजे. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत मधोमध एक तार तापून लाल होते. ती भोवतीच्या कॅथोडला तापवते आणि कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर धातूची प्लेट असते. तिच्यावर काहीशे व्होल्टचा धन दाब दिलेला असतो, म्हणून इलेक्ट्रॉन तिच्याकडे धावतात. १९०४ मध्ये इंग्लंडच्या जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी एवढाच दोन भागांचा व्हॉल्व्ह केला होता. १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोघांमध्ये तारेची एक जाळी घातली. जाळीवर किंचित वीज कमी-जास्त केली की मधून जाणारा मोठा प्रवाह तसतसा कमी-जास्त होतो.

आमच्या भागात पालखेडच्या कालव्याला आवर्तन सुटतं, तेव्हा चारीच्या तोंडाशी एक माणूस दाराचं चाक फिरवतो. त्याच्या मनगटात जोर तो किती! पण त्याच्या हाताप्रमाणे शेकडो एकरांचं पाणी कमी-जास्त होतं. जाळी म्हणजे ते दार. आता यातली गंमत बघा. शेतात पोचतं ते पाणी कालव्याचं असतं, त्या माणसाच्या हाताचं नसतं. तसंच कर्ण्यातून येणारा मोठा आवाज हा गाणाऱ्याचा मूळ आवाज नसतोच. ती भिंतीतल्या सॉकेटातून आलेली वीज असते. गाणाऱ्याने तिला फक्त आकार दिलेला असतो. मग तो आकार देताना मशीन आपलंही थोडं त्यात मिसळणारच.

दार पूर्ण उघडल्यावर चाक आणखी फिरवलं तरी पाणी वाढत नाही. तसं मशीनच्या ताकदीपेक्षा जास्त मागितलं की ध्वनिलहरीचा माथा कापला जातो. साध्या ट्रान्झिस्टरच्या मशीनमध्ये तो एकदम सपाट तुटतो आणि कानाला चरचरतो. व्हॉल्व्ह मात्र आधीपासूनच हळूहळू दबत जातो, माथा गोलसर होतो. लहरीचा आकार बदलला की मूळ स्वरात नसलेले स्वर त्यात तयार होतात: दुप्पट कंपनांचा, तिप्पट कंपनांचा, आणखी वरचे. संगीताच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही मध्य सप्तकातला सा वाजवलात, तर मशीन त्यात तार सा मिसळतं, त्याच्या वरचा पंचम मिसळतं, आणखी वरचा गंधारही.

हे ऐकून मराठी माणसाला तंबोरा आठवायला हवा. मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा सगळा जीव जवारीत असतो. कारागीर घोडीचा माथा घासून घासून असा करतो की तार तिला ओझरती टेकत राहते, आणि मग एका तारेतून अनेक स्वर फुलतात. काटेकोरपणे बघितलं तर जवारी हीसुद्धा तारेच्या शुद्ध कंपनात घातलेली ढवळाढवळच आहे. इंग्रजी तंत्रज्ञ ज्याला 'डिस्टॉर्शन' म्हणून दोष मानत आले, ती व्हॉल्व्हची जवारी आहे, असं मी म्हणतो.

याचे नियमही तंबोऱ्यासारखेच. एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्याही या गुरगुरण्यात उमटतात. सा आणि पंचमाच्या जोडीतून निघणारे स्वर आपसांत जुळतात. चार-पाच स्वरांची गुंतागुंतीची जुळणी केली तर नुसता कालवा होतो. म्हणून चढ्या आवाजावर वाजवणारे गिटारवाले बऱ्याचदा सा-पाची जोडीच धरतात. बेंजोतल्या साथीच्या तारा अनेकदा सा-पातच लावलेल्या असतात. मामूंना सिद्धान्त ठाऊक नव्हता, पण कान बरोबर सांगत होता.

आणखी एक गुण. जुन्या मशीनमध्ये विजेचं एकदिशीकरण करणारा रेक्टिफायरसुद्धा व्हॉल्व्हच असतो. तारेवर जोरात आघात केला की त्याचा दाब क्षणभर खचतो. आवाज आधी दबतो, मग फुलतो. वाजवणाऱ्याला वाटतं, मशीन आपल्याबरोबर श्वास घेतंय.

जगातही हा आवाज असाच आडवाटेने सापडला. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५२ मध्ये 'बासमन' नावाचा ॲम्प्लिफायर बाजारात आणला तो बास गिटारसाठी. पुढे त्याची चार स्पीकरची आवृत्ती आली आणि साध्या गिटारवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. १९६२ मध्ये लंडनमधले एक वाद्यविक्रेते जिम मार्शल आणि त्यांच्या तंत्रज्ञांनी त्याच बासमनच्या मंडलावरून आपला ॲम्प्लिफायर बांधला. त्यातून जो आवाज निघाला तो पुढे रॉक संगीताचा आवाज ठरला. १९६४ मध्ये 'किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या छोट्या स्पीकरचा कागद चक्क ब्लेडने चिरला होता, आवाज फाटावा म्हणून! यंत्र बांधलं एका कामासाठी, नावाजलं दुसऱ्याच कामाने. माईकच्या मशीनला बेंजो जोडणारे मामू त्याच वाटेवरचे.

आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी ॲम्प्लिफायर आणणं म्हणजे परवाने आणि जबर जकात. पण मुंबईत बँड तर होतेच. १९७० आणि १९७१ च्या 'सिमला बीट' स्पर्धांतल्या बँडच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. माझ्याकडचं गिटारचं मशीन पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं. त्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. पत्रा हाताने कापलेला, भोकं कानशीने मोठी केलेली, आत भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह. कुणा रेडिओ मेकॅनिकने परदेशी नकाशा समोर ठेवून ते बांधलं असावं. ही कारागिरी आभाळातून पडली नव्हती. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी साठच्या दशकात व्हॉल्व्ह बनवत होती. ठाण्यात मर्फीचा रेडिओ कारखाना होता, पुण्याजवळ फिलिप्सचा. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० पासूनची. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी रेडिओ दुरुस्तीवाला असायचा, आणि त्याला व्हॉल्व्ह कळायचा.

बासच्या मशीनचं दुखणं वेगळं. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि तिच्या लहरीची लांबी आठ मीटरच्या पुढे जाते. एवढी हवा हलवायची तर मोठा कागदी स्पीकर, मोठी पेटी आणि भरपूर वॅट लागतात. १९६९ च्या अँपेग कंपनीच्या प्रसिद्ध बास ॲम्प्लिफायरची ताकद ३०० वॅट होती आणि त्यात चौदा व्हॉल्व्ह होते. कर्णा याच्या उलट. त्याच्या आकारामुळे खालचे स्वर बाहेर पडतच नाहीत, पण बोलण्यातली अक्षरं थोड्या वॅटमध्ये दूरवर जातात. म्हणून अब्बांच्या कर्ण्यातून कीर्तनकाराचा शब्द न् शब्द वेशीपर्यंत ऐकू यायचा, पण ढोलकीची नुसती थाप यायची, घुमारा यायचा नाही.

आता एक कबुली. अब्बा गेल्यावर काही महिन्यांनी मी त्यांचं मशीन माळ्यावरून काढलं. कर्णे कधीच विकले गेले होते. मला फक्त ते दिवे लाल झालेले बघायचे होते. चालू केलं. दिवे लागले. डोळे भरून आले म्हणा, किंवा अक्कल गेली म्हणा, मी बेंजोची वायर लावली आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवून जोरात वाजवलं. स्पीकर नाही तर आवाज कुठून येणार? पण आत तडतड झाली आणि व्हार्निश जळल्याचा वास आला.

व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये शेवटी एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. व्हॉल्व्हचा जास्त दाबाचा, कमी प्रवाहाचा जोर तो स्पीकरला चालेल अशा कमी दाबाच्या, जास्त प्रवाहाच्या जोरात बदलतो. स्पीकर जोडलेला नसेल तर त्या जोराला जायला जागा उरत नाही. आतल्या वेढ्यांत दाब हजारो व्होल्टवर उसळू शकतो आणि वेढ्यांमधलं आवरण फुटतं. अब्बांनी वर्षानुवर्षं सांभाळलेलं मशीन मी एका मिनिटात जाळलं.

जुन्या वस्तूंचा नाद असलेले एक मित्र म्हणाले, "हात लावू नका. जळका का असेना, मूळचा आहे. मूळपणातच किंमत असते." मीही ते मानलं. दोन वर्षं मशीन तसंच ठेवलं, पुसत राहिलो. मग एकदा आतली धूळ काढताना झाकण उलटं केलं, तर आतल्या बाजूला अब्बांचं पेन्सिलीचं अक्षर. कधी कुठला व्हॉल्व्ह बदलला, कधी कपॅसिटर टाकला, याच्या तारखा, १९७४ पासून १९८६ पर्यंतच्या. मी मोजलं. त्या मशीनमध्ये 'मूळचं' म्हणावं असं पत्र्याशिवाय आणि दोन ट्रान्सफॉर्मरांशिवाय जवळपास काहीच नव्हतं. ते मशीन टिकलं होतं ते सतत दुरुस्त होत राहिल्यामुळे.

मग मी तो ट्रान्सफॉर्मर घेऊन गावातल्या वाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरून देण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी वेढे मोजले, तेवढेच नवीन भरून दिले. मशीन बोललं, पण गोधडीत गुंडाळल्यासारखं. वरचे स्वर गायब. चूक माझीच होती. मी वेढ्यांची संख्या सांगितली होती, रचना सांगितली नव्हती. एका बाजूला सगळे बारीक वेढे आणि त्यावर सगळे जाड वेढे घातले, तर दोघांची चुंबकीय जुळणी ढिली राहते आणि झपाट्याने हलणारे वरचे स्वर पलीकडे पोचत नाहीत. जुना गुंडाळा आम्ही दोघांनी थर थर करून उलगडला, तेव्हा दिसलं: थोडे बारीक, मग जाड, पुन्हा बारीक, मध्ये कागद. काका बघत राहिले. म्हणाले, "हे मोटारीचं काम नाही, मास्तर. हे मागावरचं काम आहे." पैठणीच्या गावात याहून नेमकं कोण काय सांगणार! त्यांनी चार दिवस घेतले आणि हाताने पुन्हा भरून दिला. पैसे मोटारीचेच घेतले.

मशीन आता वाजतं. आवाज अगदी तोच आहे का? नसेल. पण अब्बांनी शेवटचा व्हॉल्व्ह बदलला तेव्हाही तो आधीच्यासारखा अगदी तोच राहिला नसणार.

तुमच्या माळ्यावर असं काही पडलं असेल तर दोन गोष्टी सांगतो. पहिली, ते थेट सॉकेटात घालू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेले कपॅसिटर सुकलेले असतात. नशीब बरं असलं तर नुसती घूं ऐकू येते, नसलं तर ट्रान्सफॉर्मर जातो. जाणकाराकडून, सिरीजमध्ये बल्ब जोडून पहिल्यांदा चालू करून घ्या. आत दोष असेल तर बल्ब लख्ख पेटून सांगतो आणि मशीन वाचतं. जुन्या दोन पिनांच्या वायरीऐवजी अर्थिंगसह तीन पिनांची वायर बसवा. बंद केल्यावरही आत जीवघेणा दाब साठून राहू शकतो, म्हणून हौसेने बोटं घालू नका. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचं मशीन कधीही वाजवू नका. हे मी कुठल्या अधिकाराने सांगतो ते तुम्हाला आता कळलं आहे.

दुसरी गोष्ट, ते भंगारात देऊ नका. व्हॉल्व्ह अजून मिळतात. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये ते बनत आले आहेत. २०२२ मध्ये युद्धामुळे रशियातून निर्यात अडली, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांचे धाबे दणाणले होते. पण व्हॉल्व्ह विकत आणता येतो, वाइंडिंगवाले काका आणता येत नाहीत. त्यांच्या हाताखाली आज कुणी शिकत नाही.

शेजारच्या मुलाची 'आवाज कमी' ही तक्रारही खोटी नव्हती. पण पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅट लावले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॅट लागतात. गच्चीगच्चीवरची शर्यत त्यामुळेच संपत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खोलीत ऐकायला माझं तीस वॅटचं मशीन त्या हिशेबाने जरुरीपेक्षा जास्तच आहे.

तो मुलगा आता अधूनमधून गुरुवारी संध्याकाळी येतो. मामूंचा बेंजो माझ्याकडेच आहे. त्याला मी सा-पा लावायला शिकवलं, आणि बटण कुठवर फिरवलं की मशीन गायला लागतं तेही. परवा त्याने विचारलं, झाकणाच्या आत हे काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. अब्बांच्या तारखांखाली मी काकांनी भरलेल्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेब लिहिला आहे: थर किती, वेढे किती, तार कुठली, कागद कुठे. खाली अजून चार बोटं जागा आहे.